पायरी

रक्तस्रावानं बारा वर्षं पिडलेली बाई प्रभूच्या वस्त्राला शिवली, ती गोष्ट पाळक भिंगारदिवे आज मुद्दाम सांगत होते. दोन महिने तसाच त्रास असलेली रिबका चर्चबाहेर पायरीवर बसली होती. मंडळी तिला आत येऊ देत नव्हती.

प्रभूचं मोठेपण लोकांना उमजावं म्हणून पाळकांनी सेमिनरीत शिकलेल्या यहुदी चालीरीती उलगडून सांगितल्या. "त्या समाजात अशी बाई जिथं बसेल, ती जागासुद्धा विटाळायची!"

पुढच्या बाकावरच्या थोरातकाकू चपापल्या. "जागासुद्धा? शास्त्रात लिहिलंय?"

"हो, जुन्या करारात. पण..."

"अगं बाई! आणि आपण त्याच पायरीवरून प्रभुभोजनाला आत येतो!"

"अहो काकू, प्रभूनं तिला दूर नाही लोटलं, 'मुली' म्हणून हाक मारली!" पाळकांचा आवाज चिरकला.

"तो प्रभू होता, साहेब. आपण माणसं."

सगळ्या बाकांवर माना डोलल्या. रिबकाला बाहेर बसवणं ही कालपर्यंत नुसती गावची रीत होती; आज पाळकांनीच त्या रीतीला शास्त्राचा आधार दिला होता.

रिबकानं पदरानं पायरी पुसली आणि ती लांब चिंचेखाली जाऊन बसली. तिथवर उपदेश ऐकू जात नाही.