नवा कॅमेरा, जुना फ्लॅश

भवानीनगरचा फोटोग्राफर रविराज लग्नात रोल वाचवायचा. यजमानानं कान खाजवला, की समोरच्या पाहुण्यावर तो नुसतं फ्लॅशचं बटण दाबायचा. उजेड पडायचा, फोटो निघायचा नाही. पाहुण्याला हे माहीत नसल्यामुळे सगळेच खूश असायचे.

दोन हजार सहा साली त्यानं डिजिटल कॅमेरा घेतला. त्याला फोटोबरोबरच उडणारा स्वतःचा फ्लॅश होता, तरी झुंबरतात्यांनी लेकीच्या लग्नाला जुना फ्लॅशही वर लावून आणायला बजावलं.

अक्षता पडल्यावर तात्यांचे थोरले भाऊ म्हस्कूआबा स्टेजवर चढले. मेंढरं शेजाऱ्यावर सोपवून ते कळस गावाहून आले होते. खांद्यावरचं घोंगडं नीट करून ते पुतणीशेजारी ताठ उभे राहिले.

तात्यांनी कान खाजवला.

रविराज कुजबुजला, "तात्या, ह्यात रोलच न्हाय. काढला तरी खर्च न्हाय."

"खर्चाचं कोण बोलतंय?" तात्या म्हणाले. "अल्बम व्याह्यांच्या घरी जाणार हाय. जुना फ्लॅश उगंच आणायला लावला व्हय?"

रविराजनं जुन्या फ्लॅशचं बटण दाबलं. लख्ख उजेड पडला.



स्टेजवरून उतरताना आबांनी रविराजला हळूच विचारलं, "डोळं मिटलं न्हवतं न्हवं माझं?"