शिंप्याचे डोळे

“आधी हिला बसवा,” शिंपी म्हणाला. “मला भीती वाटते.”

शिंपीणबाईने कपाळाला हात लावला. मशीनची सुई बोटातून आरपार गेली तेव्हा या माणसाने हूं की चूं केलं नव्हतं, आणि आता डोळ्यातला दाब मोजायला यंत्रातून हवेची फुंकर बसणार म्हणून तो मागे सरत होता. पण परक्या दवाखान्यात तमाशा कशाला, म्हणून ती बसली. हनुवटी टेकवली, या डोळ्यावर फुस्स झालं, त्या डोळ्यावर फुस्स झालं, संपलं.

“मेले का मी? बसा आता.”

दोन-तीन महिने झाले, नवऱ्याच्या नजरेचं काहीतरी बिनसलं होतं. तो स्टूल नेमकं वाटेत ठेवायचा आणि ती अडखळायची. कपाटाचं दार उघडं टाकायचा आणि तिच्या खांद्याला खोक पडायची. कप टेबलाच्या अशा काठाला ठेवायचा की तिचा हात लागून तो फुटलाच पाहिजे. वर मांजरासारखा न बोलता शेजारी येऊन उभा राहायचा आणि तिच्या काळजात धस्स व्हायचं. सुईत दोरा पहिल्या झटक्यात जातो आणि एवढं थोरलं स्टूल दिसत नाही, याला म्हणायचं तरी काय?

“तुम्हाला दिसत नाही हल्ली,” ती एकदा कडाडली.

“नसेल दिसत,” तो म्हणाला. “तू नेतेस का दाखवायला?”

लग्नाला चाळीस वर्षं झाली होती. वाद न घालता त्याने काही कबूल करायची ही पहिलीच वेळ. दुसऱ्याच दिवशी तिने त्याला इथे आणलं. शिंप्याचे डोळे गेले तर शिंप्यात उरतं काय?

पुढच्या खोलीत पांढऱ्या घमेल्यासारखं यंत्र होतं. त्यात तोंड घालून बसायचं, एक डोळा झाकायचा, मधल्या ठिपक्याकडे बघायचं आणि कुठेही बारीक दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं.

“मला नाही समजलं,” शिंपी म्हणाला. “तू करून दाखव.”

“दगड आहात नुसते.” ती बसली.

काम सोपं पण रटाळ. दिवा लागायचा, दाबायचं, मग कितीतरी वेळ काहीच नाही. तपासणारी मुलगी उठून चहाला गेली की काय, असं वाटायचं.

“तुझं यंत्र फार आळशी आहे गं,” उठताना तिने सुनावलं. “तेलपाणी कर त्याला.”

मुलगी हसली नाही.

मग शिंपी बसला आणि टिकटिक टिकटिक बटण दाबत सुटला.

“अहो, दिवा लागला तरच दाबायचं. एवढे दिवे नसतात त्यात. मी आत्ताच बसून उठले ना?”

“लागतायत गं.”

“लबाडी करून डोळे बरे होत नसतात.”

डॉक्टरीणबाई लेकीच्या वयाची होती. तिने मघाच्या यंत्रातून निघालेला एक कागद टेबलावर ठेवला. त्यावर एका बाजूला काजळाची डबी सांडल्यासारखं काळं होतं.

“काचबिंदू आहे,” डॉक्टरीण म्हणाली.

शिंपी भिंतीवरचा तक्ता बघत बसला. म्हणजे विचारपूस करायचं तिच्याच गळ्यात आलं. डॉक्टरीणही तिच्याकडे बघूनच बोलत होती. खोलीत अक्कल कुणाला आहे हे पोरीने बरोबर ओळखलं होतं.

“म्हणजे मोतीबिंदूच ना? भिंग बदललं की झालं.”

“नाही. मोतीबिंदूत भिंग गढूळ होतं, ते बदलता येतं. इथे दाबाने डोळ्यामागची नस मरते. नस बदलता येत नाही.”

“पण दुखत तर नाही काही.”

“बहुतेकांना नाहीच दुखत. कडेकडेचं दिसेनासं होतं आणि माणूस म्हणतो, मला सगळं दिसतंय.”

“हट्टी माणसाचं असंच,” शिंपीणबाई नवऱ्याकडे वळून म्हणाली. “मग चष्मा द्या जाड.”

“चष्म्याने गेलेलं दिसत नाही.”

“गाजरं?”

“खुशाल खा. त्याने काचबिंदू जात नाही. घरात आधी कुणाला होता का?”

“यांच्याकडे कुणाला नाही. सासूबाई नव्वदीत माझा टाका चुकला म्हणून शिवण उसवून दाखवायच्या. माझ्या आईला शेवटी शेवटी दिसत नव्हतं, पण ती माझी आई, यांची नव्हे.”

डॉक्टरिणीने नेमकं तेवढंच लिहून घेतलं. शिकलेल्या माणसांचं डोकं कुठे चालतं, देव जाणे.

शिंपीणबाईने आवाज खाली आणला. “गेलेलं परत येईल?”

“नाही. उरलेलं राखता येईल. रोज ठरल्या वेळी दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब, जन्मभर.”

“बरं वाटलं तरी?”

“बरं वाटणार नाही, वाईटही वाटणार नाही. म्हणूनच लोक मध्येच सोडतात आणि आंधळे होतात.”

“हे सोडणारच. कात्री गळ्यात बांधून ठेवावी लागते या माणसाच्या.”

“मी घालीन,” शिंपी म्हणाला. डॉक्टरिणीपुढे तेवढं एकच वाक्य त्याच्या तोंडून निघालं.

“तुम्ही? अर्धी बाटली गालावर जाईल. मला शिकवा हो डॉक्टर. मी आहे तोवर एक दिवस चुकायचा नाही. भांडीन, पण घालीन.”

“पहिला थेंब इथेच घालू,” डॉक्टरीण म्हणाली आणि तिने बाटली टेबलावर ठेवली.

शिंपीणबाईने हात पुसून पुढे केला. बाटली तिथे नव्हती. कुणी उचलली ते तिने पाहिलंच नाही. शेजारची खुर्चीही रिकामी होती. मग डावीकडून, कुठून कोण जाणे, बोटांना घट्टे पडलेला ओळखीचा हात आला आणि त्याने तिची हनुवटी उचलली.

“वर बघ,” शिंपी म्हणाला.