कणगीला पहिला नंबर

एक फूटपट्टी. एक शिंग मोडलेला मातीचा बैल. चिंध्यांची बाहुली. रंगीत कागदात गुंडाळलेलं बक्षीस.

बहात्तर साल, तिसगाव. नगरहून आलेल्या बाई घरोघर फिरून मुलांची खेळणी ठेवायची जागा तपासत होत्या. जागा मुलांच्या हाताला पोचणारी हवी, झाकण पडून बोटं चेंगरायला नकोत, कुठं खिळा नको. पहिल्या नंबराला बक्षीस होतं. बक्षिसात ज्वारी देणार आहेत, अशी कुणीतरी आवई उठवली, म्हणून मनकर्णा त्या दिवशी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली नाही.

तिच्या पोरांची खेळणी बांबूच्या, शेणानं लिंपलेल्या कणगीत होती. बाईंनी फूटपट्टी लावली, कडेवरून बोट फिरवलं आणि त्या हरखल्याच.

“अगदी शास्त्रशुद्ध! उंची इतकी बेताची कशी काय ठेवलीत?”

“जळण न्हवतं, बाई. वरची निम्मी चुलीत घातली.”

“आणि झाकण?”

“झाकायला काय हाय त्यात?”

बाईंनी दोन्ही उत्तरं वहीत ‘कल्पकता’ या सदराखाली लिहून घेतली. मनकर्णाचा पहिला नंबर आला, टाळ्या झाल्या. तिनं तिथंच कागद फाडला. आत धान्य ठेवायचा पत्र्याचा डबा होता, घट्ट झाकणाचा. तिनं तो कानाशी धरून हलवून पाहिला.



एकोणसत्तरच्या सुगीत ती कणगी तोंडापर्यंत ज्वारीनं भरली होती.