बिनतुपाचा डबा

“वरणात तूप आहे?”

“घालतो की साहेब, वरून चांगलं चमचाभर,” खानावळवाल्या कांतीलालनं मोठ्या अभिमानानं सांगितलं.

सुदर्शननं रिकामा डबा तसाच उचलला. जव्हारातली ही पाचवी खानावळ. एकीत भाजीला दही, दुसरीत पोळीला तूप, तिसरीत कणीकच दुधात मळलेली. चौथीत त्यानं ‘मांस-मासळी नको, अंडं नको, दूध-तूपही नको’ म्हटल्यावर गल्ल्यावरच्या माणसानं विचारलं होतं, “मग माणूस जगतो कशावर?”

त्याचं काही चुकलं नव्हतं. सुदर्शनची आई सोमी दिवसेंदिवस खंगत चालली होती.

वडील सुकऱ्या वारल्यावर त्यानं तिला मोखाड्याकडच्या पोशेऱ्याहून जव्हारला आणलं. तो कचेरीत कारकून, बायको समृद्धी शाळेत शिक्षिका. समृद्धी मनापासून रांधायची, पण म्हातारी दोन घास खाऊन ताट सरकवायची. दूध वासराचं, ते माणसानं पिऊ नये, ही तिच्या माहेरची रीत. मांस-मासळी तिनं पुढं सोडली, चंदा गेली त्या वर्षी. चंदा म्हणजे सुदर्शनची थोरली बहीण. वसईकडच्या वीटभट्टीवर कामाला गेली आणि तापानं मेली. सुकऱ्यानं भट्टीवरून परत येऊन तेवढंच सांगितलं, पुन्हा त्या पोरीचं नाव काढलं नाही. सुदर्शन तेव्हा चार वर्षांचा होता. त्याला बहिणीचा चेहराही आठवत नव्हता. आठवत होतं ते पान. नवी नागली घरात आली की सोमी पहिली भाकरी पळसाच्या पानावर चंदाच्या नावानं कोपऱ्यात ठेवायची. मेलेल्या माणसाचं पान वाढल्याशिवाय घरात कुणी नवं खायचं नाही.

सहावी जागा शिरपामाळच्या वाटेवर सापडली. पत्र्याचं छप्पर, दोन बाकडी. चुलीपुढं चाळिशीची एक बाई भाकऱ्या थापत होती. गिऱ्हाइकं तिला नुसतं मावशी म्हणायची.

“दूध-तूप चालत नाही. आईसाठी न्यायचंय.”

“आमच्यात कुठं दूध-तूप साहेब?” मावशी हसली. “नागलीची भाकर हाय, उडदाच्या डाळीचा घट्ट भुजा हाय, खुरासणीची चटणी हाय. आयला दात हायत का?”

“फारसे नाहीत.”

तिनं एक भाकर पुन्हा पातळ थापली, मऊच ठेवली.

त्या दुपारी सोमीनं चटणीचं बोट जिभेला लावलं आणि तिचा हात थांबला. मग तिनं डबा पुसून खाल्ला. सुदर्शनला इतका आनंद झाला की तो तिच्यासमोर बसून नुसता बघतच राहिला.

“कोन बाई रं ती?” सोमीनं विचारलं. “कुठली?”

“असेल कुणीतरी. खा तू.”

दुसऱ्या दिवशी तेच. “इचारलं का? माहेर कुठलं तिचं?”

सुदर्शनला वाटलं, म्हातारीला संशय आलाय. एवढी चव म्हणजे चटणीत सुकट वाटली असणार. त्यानं मावशीला आडून आडून विचारलं. तिनं पाट्यावरचं वाटणच समोर धरून दाखवलं. त्यात खुरासणीबरोबर भाजलेली फणसाची आठळी होती, बाकी काही नाही.

“सुकट नाही आई, मी खात्री केलीय,” त्यानं घरी सांगितलं.

“त्ये नाय रं,” सोमी म्हणाली. “मना एकदा तिथं ने.”

“रविवारी नेतो.”

पहिल्या रविवारी मतदारयाद्यांचं काम निघालं. दुसऱ्या रविवारी समृद्धीचे भाऊ आले. खरं सांगायचं तर कचेरीतल्या माणसानं म्हाताऱ्या आईला धरून त्या पत्र्याखाली बाकड्यावर बसवायचं, याची सुदर्शनला थोडी लाजही वाटत होती. डबा मात्र त्यानं एक दिवस चुकवला नाही. तिकडं मावशी रोज विचारी, “म्हातारी काय म्हनते?” आणि कधी कोवळा कंद, कधी माठाची भाजी वर घाली.

तिसऱ्या रविवारी पहाटे सोमी झोपेतच गेली. उशाशी घडी घातलेलं लुगडं होतं. कुठंतरी जायचं असल्यासारखं तिनं ते आदल्या संध्याकाळीच काढून ठेवलं होतं.

दिवस-कार्य आटोपलं तेव्हा नवी नागली बाजारात आली होती. आईचं पहिलं पान वाढायचं होतं. समृद्धी म्हणाली, “मी करते भाकरी.” पण सुदर्शननं डबा उचलला. जी चव आईनं शेवटी मागून खाल्ली, तीच तिच्या पानावर असावी असं त्याला वाटलं.

मावशीची चूल पेटलेली होती, पण बाकडी रिकामी. कोपऱ्यात जमीन सारवली होती. त्यावर पळसाचं पान, पानावर नव्या नागलीची भाकर आणि चटणीचा गोळा.

सुदर्शननं वहाणा काढल्या आणि पानापुढं हात जोडले. या परक्या बाईनं त्याच्या आईचं पान वाढलं होतं.

“तुम्हाला कुणी सांगितलं? आई गेल्याचं?”

मावशीचा हात पिठातच राहिला. “म्हातारी गेली? अरं देवा. आनि मी रोज वाट बघत व्हती, साहेब डबा का नेत नाय.” तिनं पदर डोळ्यांना लावला. “एकदा तरी बघायची व्हती मना तिला.”

“मग हे पान कुणाचं?”

“त्ये माज्या आयचं,” ती डोळे पुसत म्हणाली. “बावीस वरसं वाढतेय. मी भट्टीवर मनाजोगता नवरा केला, तर बा तिथं येऊन सांगून गेला, तुज्या पायी आय मेली, आता गावात त्वांड दाखवू नको. तवापास्न मोखाड्याकडं पाय नाय टाकला. आमच्या पोशेऱ्यात कुनालाबी इचारा साहेब, अशी चटनी फकस्त ती वाटायची. सोमी नाव तिचं.”