नाडीबंद समाधी

“नाडी बंद!” निश्चलबाबांनी डोळे मिटून जाहीर केलं आणि सभागृहानं श्वास रोखला. तपासायला मंचावर गेलेल्या इंदुमतीबाईंनी त्यांचं मनगट चाचपलं. खरंच, ठोका लागेना.

हृदयाचे आणि रक्तवाहिन्यांचे स्नायू माणसाच्या मर्जीवर चालत नाहीत, हे बाईंनी मेडिकल कॉलेजात जन्मभर शिकवलं होतं. घरात मात्र कोण ऐकतंय? “मनानं हुकूम सोडला की नसा सैल पडतात,” हे बाबांचं वचन ऐकून त्यांच्या नवऱ्यानं, दिगंबररावांनी, रक्तदाबाच्या गोळ्या सोडल्या होत्या.

बाईंनी बोटं बाबांच्या गळ्याशी टेकवली. तिथे नाडी घोड्यासारखी दौडत होती.

“हात वर करा, महाराज.”

“समाधी भंगेल, माते!”

बाईंनीच तो उचलला. काखेतला रबरी चेंडू टपकन खाली पडला.

“ह्यानं हाताची धमनी दाबली होती. हृदय चालूच आहे!” बाई माइकवर कडाडल्या.

मग कुणीतरी ओरडलं, “प्रसाद!” आणि चेंडूवर झुंबड उडाली.

चेंडू छातीशी कवटाळून, धापा टाकत दिगंबरराव गर्दीतून बाहेर आले.

“बघितलंस?” ते म्हणाले. “मलाच मिळाला!”