विषय क्रमांक सात

कुशाबाईनं माईक हिसकावला तो पोटच्या पोराच्याच हातातून.

नवनाथ साखर कारखान्यात बॉयलरवर कामाला. पण वार्षिक सभेच्या दिवशी कर्मचाऱ्यांना मंडपात राबावं लागतं. कुणी पाणी वाटतं, कुणी सभासदांपुढं माईक घेऊन फिरतं. आज माईक त्याच्याकडं आलेला. चेअरमन हौसरावांनी स्टेजवरून विषय क्रमांक सात वाचला होता. कारखाना पुन्हा बुडालाय, तर सरकारनं पुन्हा पैसा घालून तो वाचवावा, असा ठराव. "मंजूर?" असं त्यांनी विचारलं आणि वरवंडपासून तळेगावापर्यंतच्या सभासदांनी गच्च भरलेला मंडप हात वर करतोय, तेवढ्यात ही बाई उठली.

"नामंजूर!"

स्पीकर असा किंचाळला की पहिल्या रांगेतल्या एका आप्पांचा चहा धोतरावर सांडला.

"आई, नको," नवनाथ दातांतल्या दातांत म्हणाला. "कारखाना बंद पडला तर मी कुठं जाऊ?"

"ठावं हाय मला," ती त्याला म्हणाली, पण माईक चालू होता, त्यामुळं सगळ्या मंडपाला ठाऊक झालं. मग ती स्टेजकडं वळली. "चेअरमनसाहेब, सरकारनं आधी दोनदा पैसा घातला. दोन्ही टायमाला तुमच्या दारात नवी गाडी आली आन् आमच्या उसाला तोड आली न्हाई."

"मावशी, बसा खाली," हौसराव हसत म्हणाले. "पैसा सरकारचा हाय. तुमच्या घरचा न्हाई."

"सरकार काय नोटा पेरतंय व्हय? म्या काड्याची पेटी घेतली तरी त्यात सरकारचा वाटा हाय! बाजारात माझी मेथी सुकली तर कोण येतं मला वाचवायला? म्या ती शेळीपुढं टाकती आन् गप घरी येती. तुमची जुडी सडलीय, हौसराव. कितीदा पाणी मारून इकणार?"

मागं कुणीतरी खदाखदा हसलं. कुणी शिट्टी मारली. त्या एका शिट्टीनं हौसरावांचं हसू पुसलं गेलं, आणि कर्मचारी उभे होते त्या बाजूला एकदम गलका उठला. त्यात सगळ्यात मोठा आवाज दत्ताचा, नवनाथच्याच पाळीतला. सकाळी दोघं एकाच डब्यात जेवलेले.

"ए म्हातारे! पोराच्या पोटावर पाय देती व्हय?"

"त्याचं पोट म्या भरीन!" कुशाबाई गरजली. "तुमची किती दिस भरू?"

आणि मग खुर्ची आली.

लाल प्लास्टिकची, हवेत गरागरा फिरत आली आणि तिच्या कपाळावर आदळली. भुवई फाटली. रक्त डोळ्यात उतरलं, अर्धा मंडप लाल झाला तिला. ती गुडघ्यावर आली तरी माईक सुटला नाही. दत्तानं झेप घेऊन तिचं मनगट पिरगाळलं. नवनाथनं त्याच्या तोंडावर ठोसा हाणला. मग कोण कुणाला मारतंय याचा पत्ताच राहिला नाही. खुर्च्यांचे पाय मोडून त्यांचेच सोटे झाले. एका म्हाताऱ्याचं पागोटं उडालं आणि त्याच्यामागं तो स्वतः उडाला. मंडपाचा खांब कलला, कापड फाटत खाली आलं, बाया पोरं पोटाशी धरून गेटकडं पळाल्या आणि गेटला कडी.

"आई, हात डोक्यावर धर!" नवनाथ ओरडला. "हात खाली घेऊ नको!"

तिनं धरले. सगळ्यांनीच धरले. आभाळातून खुर्च्या पडत असताना माणूस दुसरं काय करणार? शेकडो हात डोक्यावर गेले, पंजे पसरलेले.

स्टेजवर टेबलाखालून एक डोकं वर आलं. हौसरावांचं. त्यांनी मंडपावरून नजर फिरवली. कारखान्याच्या सभेत ठराव असाच होतो, खालून हात वर, वरून मंजूर. हातांमागची तोंडं काय म्हणतात हे आजवर कुणी बघितलं नव्हतं. त्यांनी स्टेजवरचा माईक ओढून घेतला.

"सगळ्यांचे हात वर हायेत," त्यांचा आवाज स्पीकरमधून धापा टाकत आला. "विषय क्रमांक सात... एकमतानं मंजूर! टाळ्या वाजवा!"

कुशाबाईनं मान वर केली. आधी तिला वाटलं, कानात रक्त गेल्यानं भलतंच ऐकू आलं. मग तिनं आजूबाजूला पाहिलं. हातच हात. मग तिला स्वतःच्या डोक्यावरचे हात जाणवले.

तिनं एक हात खाली घेतला. मग दुसरा. पदर सावरला, जमिनीला रेटा देऊन उठली आणि दोन्ही मुठी मांडीशी आवळून, तोंड स्टेजकडं करून उभी राहिली. सगळ्या मंडपात वर हात नसलेलं असं ते एकच डोकं.

"आई, येडी झालीस का?"

दत्तानं रक्ताळलेल्या तोंडानं एक खुर्ची उचलली होती, आणि कुशाबाईला ती दिसत होती.

नवनाथचे हात अजून स्वतःच्या डोक्यावर होते. त्यानं स्टेजकडं पाहिलं. दत्ताकडं पाहिलं. मग तो आईच्या पुढ्यात गेला, खुर्चीकडं पाठ केली आणि दोन्ही हातांनी तिला कमरेशी घट्ट मिठी मारली.

खुर्ची त्याच्या पाठीवर फुटली. हात वर गेले नाहीत.