तेविसावं घर

गौतमीनं तिसऱ्यांदा मोजलं. तेवीसच भरली.

वस्तीत घरं बावीस. चिंचेखाली बायकांनी रांगोळीनं काढलेल्या नकाशात मात्र चौकोन तेवीस. जास्तीचा चौकोन बरोबर मधोमध, जिथं प्रत्यक्षात मोकळी जागा आणि दोन शेळ्या होत्या. चार वाजता इंद्रजीत सर येणार होते, तिच्या संस्थेचे मोठे साहेब. त्यांनी आराखडा पास केला की गौतमी सुटली. सोमवारपासून पुण्याच्या ऑफिसात खुर्ची, डोक्यावर पंखा, साडेपाचला सुट्टी. बदलीचं पत्र साहेबांच्या पिशवीत तयार होतं. आणि इथं एक घर जास्त!

"आजी, हे घर कुणाचं?"

साखरबाई वस्तीतली सगळ्यात वडीलधारी. तिनं मान वर न करता चौकोनाची कड जाड केली. "ऱ्हाऊ द्या की ताई. तुमी फुडचं घ्या. आता चिंचोके वाटायचे असत्यात."

गौतमीचं डोकंच फिरलं. ती मूळची दौंडची. शिरूरला खोली घेऊन राहायची आणि कवठे येमाईच्या बाजूला, आडरानातल्या या ठाकरवस्तीवर रोज एसटीनं नि मग पायी यायची. कशाला, तर वस्तीनं आपला विकास आराखडा आपणच कसा करायचा हे शिकवायला. पण शिकवायचं कुणाला? तिनं "गट पाडा" म्हणायच्या आत गट पडलेले असायचे. काल ती हंगामाचा तक्ता विसरली, तर मागून वस्तीतला म्हाळू ओरडला, "ताई, एक पायरी गाळली!" तिच्याआधी चार मार्गदर्शक येऊन चार आराखडे करून गेले होते. आराखडे करण्यात वस्ती पार तरबेज झाली होती. नळ तेवढा आला नव्हता. पाण्याला अजून खालचा झरा, आणि येताना डोक्यावर हंडा घेऊन सगळा चढ.

"अंगणवाडी आहे का ही?" गौतमीनं पुन्हा विचारलं.

"न्हाई."

"मग देऊळ?"

"देवाला हाय की घर. ह्ये माणसाचं हाय," म्हाळू म्हणाला. बायकांनी पदर तोंडाला लावले आणि त्या खुसुखुसू हसल्या.

चारला जीप आली. साहेबांनी नकाशा पाहिला आणि ते खूश झाले. घरं, पायवाटा, झरा आणि चिंचेजवळ निळ्या रांगोळीनं काढलेला नळ, सगळं जागच्या जागी.

"वळखलं का सायेब?" साखरबाई पुढं झाली. "पयला आराखडा तुमीच केला व्हता हितं. तवा डोक्यावर क्यास व्हते तुमच्या."

साहेबांचा हात आपोआप टकलावर गेला. "हो हो, आठवतंय तर!"

"नळ बी तुमीच काढला व्हता. ह्याच जागी, निळ्याच रंगात. आमी नुसता गिरवतो."

 साहेबांनी घाईनं मतदान सुरू करायला सांगितलं. नियम सोपा. माणशी तीन चिंचोके; ज्याला ज्याची गरज जास्त वाटते, त्यानं नकाशात तिथं टाकायचे. जिथं ढीग मोठा, ती वस्तीची पहिली मागणी. नळच जिंकणार याची गौतमीला खात्री होती. तिनं मागणीच्या रकान्यात 'नळ' लिहूनही टाकलं होतं.

साखरबाई उठली, निळ्या नळाला वळसा घालून गेली आणि तिनं तिन्ही चिंचोके तेविसाव्या घरात टाकले. मागोमाग म्हाळू, मग झाडून सगळी वस्ती. नळावर एक चिंचोका पडेल तर शपथ! गौतमीला रडूच फुटायचं बाकी होतं. बदली गेली, पंखा गेला, साहेबांसमोर अब्रू गेली.

"अहो, असं काय करता? पाणी नको का तुम्हाला?"

"पाणी चार येळा मागितलं ताई. चारी येळा आराखडा फस्क्लास झाला. मग मार्गदर्शक मोठ्या हापिसात गेला आन् कागद कपाटात गेला. कागदाच्या मागं लागायला कोण ऱ्हातंय? आमी हापिसात गेलो तर शिपाई दारातनंच म्हणतो, तुमच्या मॅडमला घिऊन या. मॅडम कुठनं आणायची?" साखरबाईनं बोट नकाशाकडं केलं. "तवा ह्या बारीला मॅडमच मागितली. ह्ये घर तुमचं हाय ताई. वस्ती बांधून दील. आत बगा, तुमी रोज आठवता त्यो पंखा बी काढलाय."

गौतमीनं वाकून पाहिलं. चिंचोक्यांच्या ढिगाखाली खरंच बारीकसा तीन पात्यांचा पंखा होता.

साहेबांनी पिशवीतून पत्र काढलं आणि तिच्यापुढं धरलं. "तू ठरव," ते हळूच म्हणाले. "मी तेव्हा गेलो होतो."

गौतमीला राग आला, हसू आलं, आणि खरं सांगायचं तर लाजही वाटली. आराखड्याचे हे पाच दिवस ती घड्याळाकडंच बघत आली होती. तिनं पत्र घेतलं, उघडलंही नाही, आणि साहेबांच्या पिशवीत परत सारलं.

"आणि या घरात पाण्याचं काय?" तिनं विचारलं.

साखरबाईनं झाडाच्या बुंध्याशी ठेवलेला रिकामा हंडा उचलून तिच्या हातात दिला.

"झऱ्यावरनं. आमच्यासंगं. ज्या दिशी नळ आणाल, त्या दिशी नकाशातलं तुमचं घर आमीच पुसू, मग खुशाल जावा."